चहाबरोबर वाढलेले पाव

बाई, आंब्याखाली सगळ्या जणी गप्प बसल्या आहेत आणि मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, गुडघ्यावर कागद ठेवून तुम्हाला लिहिते आहे. एकांताच्या दिवसांत बोलायचे नाही, वाचायचे तेही थोडेच, आणि लिहायचे तर मुळीच नाही, हा नियम तुमचाच. तुम्ही असताना तो मोडायची माझी छाती झाली नसती. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षे झाली, की शाळेतला तुमचा फोटो पाहून नव्या मुली विचारतात, या कोण? मी सांगते, या आपल्या मोठ्या बाई. यांनी मला शिकवायला शिकवले आणि गप्प बसायलाही. यातले दुसरे ऐकून मुली तोंडावर हात ठेवून हसतात, कारण मी फार बोलते असे शाळेत सर्वांचेच मत आहे. तुमचेही तेच होते.

बंगला तोच आहे, खोपोलीहून खालापूरला जाताना नदीकाठचा, त्या पारशी शेटचा. कौले थोडी सरकली आहेत, विहिरीचा रहाट नवा आहे. मे महिना असूनही नदीला पाणी आहे, कारण वीजघरातून सुटलेले पाणी अजूनही इकडूनच वाहते. बाकीच्या नद्यांत गोटे तापत पडलेले असतात आणि इथे मात्र पाय बुडवून बसता येते. म्हणूनच तुम्ही ही जागा निवडली असणार. मिशनच्या मडमा या दिवसांना रिट्रीट म्हणायच्या, तुम्ही एकांत म्हणायचात, आणि कर्जतच्या ख्रिस्ती मंडळीतल्या म्हाताऱ्या बाया सरळ ‘मुक्यांची जत्रा’ म्हणायच्या. आता हे दिवस मी चालवते. यंदा आपल्या शाळेतली पेटी वाजवणारी शिक्षिकाही आली आहे. दिवाळीच्या सुमारास तिचा नवरा गेला. पूर्वी रविवारच्या उपासनेत वाजवता वाजवता गायची, आवाज असा की मागच्या बाकावरची माणसेही सरसावून बसायची. आता बोटे चालतात, तोंड मिटलेले असते. इथे यायच्या आधी ती मला म्हणाली, ‘बाई, पुढच्या महिन्यापासनं पेटीला दुसरं कुणी तरी बघा. मला आता तिथं बसून खोटं वाटतं.’ मी म्हटले, आधी एकांताला तर चल. पण तेव्हापासून तुम्ही माझ्या डोक्यातून जात नाही.

मी इथे पहिल्यांदा आले ते मानमोडीच्या तापाच्या साथीनंतरच्या उन्हाळ्यात. तुम्हाला आठवत असेल, त्या साथीत कर्जतला असे घर राहिले नव्हते जिथे कुणी अंथरुणाला खिळले नाही. माझी पोरगी त्यातच गेली. चार वर्षांची होती. तिचे वडील इंजिनशेडमध्ये कामाला, तेही तापाने फणफणलेले, पाळकसाहेबही आजारी. दफनाच्या वेळी प्रार्थना करायला कुणी नव्हते, म्हणून मीच केली. उभ्या उभ्या, न अडखळता, सगळे योग्य शब्द योग्य जागी. लोक पुढे कित्येक महिने त्या प्रार्थनेबद्दल बोलत. काय विश्वास म्हणायचा बाईचा, आई असून असे बोलली! मला मात्र त्या दिवसापासून एक गोष्ट ठाऊक होती, ती मी नवऱ्यालाही सांगितली नव्हती. बोलणारी मी होते, पण ऐकणारा कुणी तिथे होता असे मला वाटले नव्हते.

त्यानंतर तर मला मागणी वाढली. बायकांची रविवार दुपारची उपासना मीच चालवायची, बारसे असो की मयत, ‘तुम्हीच प्रार्थना करा हो’ असा आग्रह व्हायचा. मी करायची. बाया पदराने डोळे पुसायच्या, आणि मी आत कोरडी ठणठणीत. घरी आले की मला स्वतःची शिसारी यायची. शेवटी मी मनाशी ठरवले, की एकांताला जायचे, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून शेवटपर्यंत थांबायचे, आणि सोमवारी निघताना तुम्हाला सांगायचे: उपासना दुसऱ्या कुणाला द्या, मी देवळात येणार नाही, आणि मिशनच्या शाळेत राहणेही मग बरे नव्हे. एवढे मोठे ओझे पिशवीत कपड्यांबरोबर घेऊन मी खोपोलीच्या गाडीत बसले होते.

आणि पहिल्याच संध्याकाळी तुम्ही मलाच प्रार्थना करायला लावलीत! मी केली, नेहमीसारखीच, लांबलचक. एकीला हुंदका फुटला. संपल्यावर तुम्ही माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आलात, कंदिलाची वात खाली केलीत आणि म्हणालात, ‘प्रार्थना फार सुरेख झाली. आता सोमवारपर्यंत एकही करू नकोस. मोठ्याने नको, मनातल्या मनात नको.’ मी म्हटले, ‘मग इथं आले कशाला मी?’ तुम्ही म्हणालात, ‘तांदूळ निवडायला. स्वयंपाक तुझ्याकडे. आणि एक विचारू? आत्ता कुणाशी बोलत होतीस, आमच्याशी की त्याच्याशी?’ मी काहीच बोलले नाही, कारण त्या क्षणापासून मौन सुरू झाले होते, ही तुमची नेहमीची हुशारी. बाई, मला तुमचा इतका राग आला होता, की त्या रात्रीच्या आमटीत मी मुद्दाम तिखट जास्त घातले. तुम्ही निमूटपणे दोनदा मागून घेतलीत.

मग ते गप्प दिवस. बाकीच्या जणी झाडाखाली, नदीवर, व्हरांड्यात बसलेल्या; मी चुलीशी. बोलणारे एकच माणूस होते, शेजारच्या पाड्यावरून दूध घालायला येणाऱ्या मावशी. त्या आपल्यातल्या नव्हत्या, त्यामुळे मौन त्यांना लागू नव्हते, आणि असते तरी त्यांनी ते पाळले नसते. पहिल्या सकाळी त्या चरवी टेकवून दारातच उभ्या राहिल्या. ‘बाय, ह्या समद्या भांडल्यात काय गं? कोनच कोनाशी बोलत नाय.’ मी ओठांवर बोट ठेवून खूण केली. ‘आनि तू पन? बरं बाय, तुमी नका बोलू. मंग मीच बोलते.’ आणि बसल्याच त्या. म्हैस, सून, जावयाचे दुखणे, घाटाखालच्या रस्त्यावरचे अपघात, सगळे मी तांदूळ निवडता निवडता ऐकले. गंमत अशी, की किती महिन्यांत मी कुणाचे असे ऐकलेच नव्हते. लोक तोंड उघडत तोच मी सांत्वनाचे दोन शब्द तयार ठेवायची. इथे शब्द द्यायचेच नव्हते, त्यामुळे ऐकण्याखेरीज इलाज नव्हता. मावशींचीही एक मुलगी मानमोडीत गेली होती. हे त्यांनी म्हशीच्या बोलण्यात मध्येच सांगितले आणि पुन्हा म्हशीकडे वळल्या.

दुपारी भांडी घासायला नदीवर गेले की तुम्ही दिसायचात. खडकावर, लुगडे घोट्यांच्या वर घेऊन, पाय पाण्यात. चष्मा मांडीवर. मला वाटायचे, या तरी प्रार्थना करत असतील, यांचे चांगले आहे. पण तुमचे ओठ हलत नव्हते, डोळे मिटलेले नव्हते. तुम्ही नुसत्या बसला होतात, माहेरी ओसरीवर बसावे तशा. कुणाला काही सांगायचे नाही, कुणाकडे काही मागायचे नाही. उपासना म्हणजे काहीतरी करायचे असते, म्हणायचे असते, चालवायची असते, एवढेच मला माहीत होते. ती अशी नुसती बसूनही होते हे मला कुणी दाखवले नव्हते. भांडी घासून झाल्यावरही मी थोडा वेळ तिथेच थांबले, तुमच्यापासून लांब. मला काही गवसले नाही. पण त्या दुपारी पहिल्यांदा मला स्वतःची शिसारी आली नाही.

आता त्या शनिवारच्या चहाची गोष्ट. रविवारच्या प्रभुभोजनासाठी, पाळकसाहेब मोडून सर्वांना वाटतात त्या भाकरीसाठी, मुंबईहून पाव यायचे. माझ्या नवऱ्याच्या ओळखीचा गार्ड होता, तो ते आपल्या डब्यातून आणायचा आणि कुणीतरी खोपोलीच्या स्टेशनावरून उतरवून घ्यायचे. ओल्या फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात, फडताळाच्या वरच्या खणात ते ठेवलेले होते. शनिवारी संध्याकाळी मी चहा उकळत होते आणि पाहते तो काय, तुम्ही फडताळाशी उभ्या राहून तोच डबा उघडलेला, आणि सुरीने पाव कापताय! मी धावत आले. बोलायचे नाही, म्हणून दोन्ही हात हलवले, डब्याकडे दाखवले, आभाळाकडे दाखवले, भाकर मोडल्याची खूण केली. तुम्ही चष्म्यावरून असे काही बघितलेत, की माझे हात होते तिथेच थांबले. मौन म्हणजे हातांचेही, हे तुम्ही पहिल्याच दिवशी बजावले होते. मग तुम्ही ताटली घेऊन बाहेर गेलात आणि प्रत्येकीपुढे दोन दोन तुकडे ठेवलेत. बाहेरही निम्म्या बायकांना कळले होते. एकीने तर तुकडा हातात धरून तुमच्याकडे केविलवाणे पाहिले. पण बोलणार कोण? तुम्हीच घालून दिलेल्या नियमाने तुम्हाला सांगायची सोय नव्हती. सगळ्यांनी मान खाली घालून प्रभूचे पाव चहात बुडवून खाल्ले. मीही खाल्ला. एवढे दिवस मनात राग धरून होते, पण त्या वेळी मला इतके हसू कोंडले, की चहा नाकात गेला.

रविवारी उजाडताच तुम्ही स्वयंपाकघरात आलात आणि तुम्हीच मौन मोडलेत. ‘पाव संपले,’ म्हणालात, जणू ते उंदरांनी नेले. ‘पाळकसाहेब सकाळच्या गाडीने येतील. भाकरी करायला घे.’ तेवढ्यात मावशी दूध घेऊन आल्याच. तुम्ही विचारलेत, ‘मावशी, घरात तांदळाचं पीठ आहे का हो?’ ‘हाय ना. माज्या म्हायेरचा तांदूल हाय, पोशीरचा. ताजा दललाय. कोन पावना येनार हाय?’ तुम्ही म्हणालात, ‘पाहुणा मोठा आहे.’ ‘मंग थांबा, लगीच आनते,’ म्हणून त्या गेल्या आणि पदराखाली पीठ घेऊन परत आल्या. मावशी आमच्याकडचे पाणी घेत नसत, चहासुद्धा दारात उभ्या राहून नाकारत. पण आमच्या प्रभूच्या मेजासाठीचे पीठ त्यांच्या घरून आले. ते इतक्या चटकन कसे आले, हे मला बऱ्याच वर्षांनी सुचले.

मी मूळची देशावरची, ज्वारीवर वाढलेली. तांदळाची भाकरी मी कर्जतला आल्यावर शिकले, आणि पोरीला तीच आवडायची. पाण्याला आधण आले, पीठ घातले, उकड तुम्ही घरून आणलेल्या लाकडी काठवटीत काढली आणि ओल्या हाताने मळू लागले. चटका बसत होता. बरे वाटत होते. दोन भाकऱ्या पुरे, असे तुम्ही सांगून गेला होतात. दोन झाल्या, छान फुगल्या, आणि काठवटीत एक लहानसा गोळा उरला. घरी असा गोळा उरला की त्याची तळहाताएवढी चानकी व्हायची, ती पोरीची. चुलीपुढे बसून ती वाट पाहायची आणि फुगली की टाळ्या वाजवायची. ती गेल्यापासून मी चानकी केली नव्हती. उरलेले पीठ शेवटच्या भाकरीत दडपून टाकायची; ती जाड व्हायची, आत कच्ची राहायची, आणि नवरा निमूट खायचा. त्याने एकदाही विचारले नाही, की ही अशी का.

त्या सकाळी माझ्या हातांनी मला विचारलेच नाही. मी दुसरीकडे बघत होते, बहुधा पाळकसाहेबांच्या गाडीचा अंदाज घेत होते, आणि खाली पाहते तर हातात चानकी थापलेली. तव्यावर टाकली. पाणी फिरवले. उलटली. निखाऱ्यावर धरली आणि ती टम्म फुगली. मी पटकन झाकण शोधू लागले, कुणी बघायच्या आत ती लपवायची म्हणून. पण तुम्ही दारातच होतात. तुम्ही आलात, चानकी उचललीत आणि मेजाच्या ताटात त्या दोन भाकऱ्यांवर ठेवलीत. मी तुमचे मनगट धरले. तुमचे, बाई! इतक्या दिवसांत माझ्या तोंडून निघालेले पहिले शब्द ते: ‘ती नको. ती तिची आहे.’ तुम्ही मनगट सोडवून घेतले नाहीत. म्हणालात, ‘मग दे ना तिला. किती दिवस मुठीत धरून बसशील? पुरायच्या दिवशी तू आम्हा सगळ्यांना रडवलंस, स्वतः नाही रडलीस. तेव्हाच मला भीती वाटली होती.’ मग मी रडले. चुलीपुढे, काठवटीवर डोके टेकून, आवाज करून, शब्दावाचून. मौनातल्या बाया बाहेर ऐकत असणार. तुम्ही तेवढ्या वेळात तव्यावरचे जळके पीठ खरवडत बसलात आणि मला एकदाही गप्प हो म्हणाला नाहीत.

पाळकसाहेब आले, ताटावरचे फडके बाजूला करून थबकले. ‘बाई, हे काय? पाव कुठं आहेत?’ तुम्ही शांतपणे सांगितलेत, ‘शास्त्र वाचताना आपण भाकर वाचतो, साहेब. आज ताटातही भाकर आहे.’ ते भले माणूस होते. हसले आणि पुढे झाले. त्यांना काय ठाऊक! त्यांनी वरची होती तीच उचलली, धन्यवाद दिला आणि मोडली. माझ्या पोरीची चानकी आमच्या सर्वांमध्ये मोडली गेली. मोडताना तिच्यातून थोडी वाफ निघाली, ती मी पाहिली. माझ्यापर्यंत तुकडा आला तेव्हा मनात एकही वाक्य नव्हते. मी काही मागितले नाही, कशाचा खुलासा विचारला नाही. तोंडात मीठ लागले, डोळ्यांचे की पिठातले कोण जाणे. आणि दफनाच्या दिवशी जो तिथे नव्हता असे मला वाटले होते, तो होता. त्या दिवशीही होता. मीच बोलत सुटले होते. हे मला कुणी शिकवले नाही, पटवले नाही. ते भाकरीइतके साधे होते, आणि मी ते खाल्ले.

सोमवारी मी तुम्हाला जे सांगणार होते ते सांगितलेच नाही. निघताना तुम्ही काठवट माझ्या हातात कोंबलीत. ‘माझ्या आईची आहे. जड आहे, मला नाही झेपत, तूच ने,’ म्हणालात. ती घेऊन मी स्टेशनापर्यंत चालले, हात भरून आले. आज ती माझ्यासमोर पडली आहे, एका बाजूला चीर गेली आहे, पण पाणी गळत नाही. घरी पोचल्या रात्री मी चानकी केली आणि नवऱ्याच्या ताटात ठेवली. तो तिच्याकडे बघत राहिला, मग जेवण सोडून बाहेर जाऊन उभा राहिला. आम्ही दोघे पोरीबद्दल पहिल्यांदा बोललो ते त्या रात्री. माझी प्रार्थना तेव्हापासून आखूड झाली. मंडळीतल्या बाया कुरकुरल्याही, ‘पूर्वी कशी छान लांब करायच्या!’ पण रोज सकाळी पीठ मळताना मी त्याच्यापाशी असते, तो माझ्यापाशी असतो, आणि रविवारी जेव्हा उभी राहून बोलते, तेव्हा आठवडाभर घडलेल्यातलेच बोलते. तुमच्यामुळे, बाई. तुम्ही जिवंत असताना एवढ्या सरळ शब्दांत मी हे म्हटले नाही. तुम्ही म्हणू दिले नसतेत.

एक विचारायचे मात्र राहूनच गेले. तुम्ही कधी काही विसरत नसायचात. कुठल्या मुलीच्या झग्याचे बटण तुटले आहे, कपाटाची किल्ली कुठे आहे, सगळे तुमच्या ध्यानात. मग तो डबा कसा विसरलात? तुमच्या शेवटच्या आजारात मी तुम्हाला पेज भरवत होते, तेव्हा धीर करून म्हटले, ‘बाई, त्या शनिवारी चहाबरोबर ते पाव...’ तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, ‘कुठले पाव?’ ओठांची एक कड हलली. ती हसण्याने की दुखण्याने, मला कळले नाही, आणि आठवड्याभरात तुम्ही गेलात.

तर आता कबूल करते. आज शनिवार. मघाशी मी फडताळाच्या वरच्या खणातला डबा काढला, पाव कापले आणि सगळ्यांना चहाबरोबर वाढले. पेटीवाली पोर धावत आली. हात हलवले, डब्याकडे दाखवले, आभाळाकडे दाखवले. मी चष्म्यावरून बघितले, अगदी तुमच्यासारखे. जमले असावे, कारण ती जागीच थिजली. मग तिने तुकडा चहात बुडवला, आणि मी पाहिले, तिला हसू आवरत नव्हते. दिवाळीपासून पहिल्यांदा. मावशी आता थकल्या, दूध त्यांची सून घालते. पिठाचे मी तिच्याशी परवाच बोलून ठेवले आहे. काठवट धुऊन पालथी घातली आहे. उद्या सकाळी मी त्या पोरीला चुलीपुढे बसवीन आणि बाहेर जाईन. तिच्या हातून काय होईल, तिला काय सापडेल, की काहीच नाही, ते माझ्या हातात नाही. तुमच्याही नव्हते. हे आज पाव कापताना कळले, आणि मी सुरी एकदा खाली ठेवून पुन्हा उचलली. तुम्हीही ठेवली होतीत का?

हा कागद कुठे पाठवायचा नाही. उद्या चूल पेटवायला कामी येईल. आणि पुढे कधी तिने मला विचारलेच, की बाई, तुम्ही ते पाव खरंच चुकून वाढलेत का, तर मी डोळे मिटून म्हणणार आहे, कुठले पाव?